टू-डी इको म्हणजे काय? हृदयाची सोनोग्राफी काय दाखवते आणि काय दाखवत नाही

घरात कोणाचा टू-डी इकोचा रिपोर्ट आला की पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. त्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर येतो आणि घरात ज्याला मोबाईलमधलं जास्त कळतं त्याला हाक मारली जाते, "बघ रे जरा, काय लिहिलंय ह्यात?" मी टेक्नॉलॉजीवर लिहितो म्हणून असे रिपोर्ट माझ्याकडेही फॉरवर्ड होतात. सोबत येणारे प्रश्न बहुतेक वेळा दोनच असतात.

पहिला : "ईएफ ६० टक्के आलंय, म्हणजे ४० टक्के हार्ट बंद आहे का?"

दुसरा : "इको नॉर्मल आलाय, म्हणजे ब्लॉकेज नाही ना?"

दोन्हींचं उत्तर "नाही, तसा अर्थ होत नाही" असं आहे. पहिल्या गैरसमजामुळे फुकटची काळजी लागते. दुसऱ्यामुळे मात्र माणूस छातीत दुखत असतानाही घरी बसून राहू शकतो. म्हणून ही तपासणी नेमकी कशी चालते ते आज नीट समजून घेऊ. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधं आणि निदान हे विषय तुमच्या डॉक्टरांचे. पण यंत्राला काय दिसतं आणि काय दिसत नाही हे समजलं, की डॉक्टरांना योग्य प्रश्न विचारता येतात.

आवाजातून चित्र कसं तयार होतं?

इको म्हणजे प्रतिध्वनी. डोंगरकड्यासमोर उभं राहून ओरडलं की आवाज परत येतो. तो किती वेळाने आला यावरून कडा किती लांब आहे हे काढता येतं. टू-डी इकोचं तत्त्व एवढंच आहे. फक्त इथला आवाज आपल्याला ऐकू येत नाही.

माणसाच्या कानाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. मोठ्या माणसाच्या हृदयासाठी साधारण २० ते ५० लाख हर्ट्झचा आवाज वापरतात. छातीवर जो प्रोब फिरवतात त्यात खास स्फटिक बसवलेले असतात. त्यांना वीज दिली की ते थरथरतात आणि आवाज सोडतात. परत आलेल्या आवाजाने ते दाबले गेले की उलट तेच वीज तयार करतात. म्हणजे स्पीकरही तोच आणि माईकही तोच. स्फटिकांचा दाबातून वीज देण्याचा हा गुण पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिला होता.

शरीराच्या मऊ भागात आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. हृदयाचा एखादा भाग त्वचेपासून १० सेंटिमीटर आत असेल, तर आवाज जाऊन परत यायला एका सेकंदाचा साधारण साडेसात हजारावा भाग लागतो. मशीन हा वेळ मोजतं आणि स्क्रीनवर तेवढ्या खोलीवर एक ठिपका ठेवतं. असे ठिपके जोडले की एक रेघ होते आणि शेजारी शेजारी अशा बऱ्याच रेघा आल्या की चित्र होतं.

आता प्रश्न असा, की हेच काम मोबाईलचा स्पीकर आणि माईक वापरून एखादं ॲप का करू शकत नाही? कारण लहान गोष्ट बघायची तर आवाजाच्या लाटेची लांबीही लहान हवी. २५ लाख हर्ट्झच्या आवाजाची शरीरातली लाट सुमारे ०.६ मिलिमीटरची असते. त्यामुळे हृदयाच्या झडपेची पातळ पाकळी दिसू शकते. मोबाईलच्या स्पीकरने २०,००० हर्ट्झचा आवाज काढला, तरी शरीरात त्याची लाट साडेसात सेंटिमीटरच्या पुढे जाते. आपलं अख्खं हृदय बंद मुठीएवढं. एवढ्या लांब लाटेने झडप कशी दिसणार? "मोबाईल छातीला लावा आणि इको काढा" असं सांगणारं ॲप कुठे दिसलं, तर हे गणित आठवा.

हृदयाच्या व्हिडिओचा फ्रेम रेट

मोबाईलवर शूटिंग करताना आपण ३० की ६० एफपीएस ते निवडतो. इकोमध्येही एफपीएस असतो आणि तो आवाजाच्या वेगाने ठरतो.

समजा १५ सेंटिमीटर खोलीपर्यंत बघायचं आहे. आवाजाचा जाऊन-येऊन प्रवास ३० सेंटिमीटरचा. त्याला एका सेकंदाचा साधारण पाच हजारावा भाग लागतो. एक आवाज परत आल्याशिवाय पुढची रेघ सुरू करता येत नाही, म्हणजे सेकंदात जास्तीत जास्त सुमारे ५००० रेघा. एका चित्राला १०० रेघा लागत असतील तर सेकंदाला ५० चित्रं मिळतात. खोली वाढवली तर एफपीएस कमी होतो. बघायची पट्टी अरुंद केली तर वाढतो. नव्या मशीन एका वेळी अनेक रेघा वाचतात, त्यामुळे त्यांचा वेग यापेक्षा जास्त असतो. पण ही ओढाताण त्यांनाही चुकत नाही. तपासणी करणारे डॉक्टर मधेच चित्र लहान-मोठं करत बटणं दाबत असतात, त्यामागचं एक कारण हे आहे.

आवाजाला हवेचं मात्र वावडं. हवेशी गाठ पडली की जवळजवळ सगळा आवाज तिथूनच परत फिरतो. म्हणून प्रोब आणि त्वचा यांच्यात हवा राहू नये यासाठी तो थंडगार जेल लावतात. फुप्फुसात हवाच भरलेली आणि बरगड्याही आवाज अडवतात. म्हणून डाव्या कुशीवर झोपवतात, "श्वास सोडा, आता थांबा" असं सांगतात आणि दोन बरगड्यांच्या फटीतून हृदय बघतात.

जहाजाच्या कारखान्यातून दवाखान्यात

ही तपासणी सुरू कुठून झाली, तर स्वीडनमधून. लुंड शहरातले हृदयरोगतज्ज्ञ इंगे एड्लर यांच्यापुढे अडचण होती. हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप अरुंद झालेल्या रुग्णांवर शस्त्रक्रिया सुरू झाल्या होत्या, पण छाती उघडण्याआधी झडपेची अवस्था नीट कळत नव्हती. त्यांनी तरुण भौतिकशास्त्रज्ञ कार्ल हेल्मुट हर्ट्झ यांना विचारलं, की रडारसारखं काही वापरता येईल का? हर्ट्झ यांनी सुचवलं, की रडारऐवजी अल्ट्रासाउंड वापरून बघू.

त्या काळी धातूच्या आत चीर आहे का हे बघायला कारखान्यांत अल्ट्रासाउंडचं यंत्र वापरत. माल्मो इथल्या कोकम्स जहाज कारखान्यात असं यंत्र होतं. हर्ट्झ यांनी ते आधी स्वतःच्या छातीवर लावून बघितलं आणि हृदयाकडून हलणारे प्रतिध्वनी मिळाले. मग सीमेन्स कंपनीकडून यंत्र घेऊन २९ ऑक्टोबर १९५३ रोजी दोघांनी हृदयाच्या हालचालीचं रेकॉर्डिंग केलं. १९७७ मध्ये दोघांना लास्कर पुरस्कार मिळाला. आणि हो, आपण ज्या "हर्ट्झ" एककात आवाज मोजतो, ते नाव हाइनरिक हर्ट्झ यांचं. कार्ल हेल्मुट हे त्यांच्याच घराण्यातले, त्यांच्या पुतण्याचे चिरंजीव.

तेव्हा स्क्रीनवर फक्त एकाच रेघेवरची हालचाल दिसायची. १९७१ मध्ये नेदरलँड्सच्या रॉटरडॅममध्ये निकोलास बॉम यांनी २० स्फटिक एका ओळीत बसवून हृदयाचं हलतं आडवं-उभं चित्र दाखवलं. आपल्या रिपोर्टवरचं "टू-डी" ते हेच.

लाल म्हणजे शुद्ध आणि निळं म्हणजे अशुद्ध रक्त का?

शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत शुद्ध रक्त लाल आणि अशुद्ध रक्त निळं असायचं. त्यामुळे कलर डॉपलरचा फोटो बघून "एवढं निळं रक्त कसं काय?" असा प्रश्न हमखास येतो.

इथे रंगाचा शुद्ध-अशुद्धाशी काही संबंध नाही. लाल म्हणजे प्रोबच्या दिशेने येणारं रक्त आणि निळं म्हणजे प्रोबपासून लांब जाणारं रक्त. हृदयाच्या टोकाकडून बघितलं तर डाव्या वरच्या कप्प्यातून खाली येणारं रक्त लाल दिसतं. तेच रक्त पुढच्या क्षणी महाधमनीकडे निघालं की निळं दिसतं. रक्त तेच, शुद्धच. रंगांची खिचडी दिसली तर तिथे रक्त फार वेगाने किंवा खळबळत वाहतंय. झडप अरुंद झाली असेल किंवा गळत असेल तर असं होतं.

हे ज्यामुळे कळतं तो परिणाम क्रिस्टियन डॉपलर यांनी १८४२ मध्ये मांडला. ॲम्ब्युलन्स जवळ येताना सायरन चढा वाटतो आणि पुढे गेली की उतरतो, तोच हा परिणाम. रक्तपेशींवरून परत येणाऱ्या आवाजाची पट्टी किती बदलली यावरून रक्ताचा वेग निघतो.

वेगावरून दाबही काढता येतो. पाण्याच्या पाईपचं तोंड बोटाने दाबलं की धार जोरात उडते, तसंच अरुंद झडपेतून रक्त जोरात उडतं. सूत्र अगदी सोपं आहे : वेगाचा वर्ग गुणिले ४. महाधमनीच्या झडपेतून रक्त सेकंदाला ४ मीटर वेगाने जात असेल, तर ४ गुणिले १६, म्हणजे झडपेच्या दोन बाजूंच्या दाबात ६४ मिलिमीटर पाऱ्याचा फरक. बीपी मोजतात तेच हे एकक. ४ मीटर किंवा त्याहून जास्त वेग असेल तर डॉक्टर ती झडप "सिव्हिअर" म्हणजे फारच अरुंद झालेली मानतात. १९७० च्या दशकात नॉर्वेच्या ट्रॉन्डहाइममध्ये डॉक्टर लिव्ह हाट्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत दवाखान्यात वापरण्याजोगी केली. त्याआधी हा दाब मोजायला हृदयापर्यंत नळी घालावी लागायची.

ईएफ ६० टक्के : हे परीक्षेचे मार्क नाहीत

ईएफ म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. हृदयाचा डावा खालचा कप्पा रक्ताने भरतो आणि दाबला जाऊन ते शरीरभर पाठवतो. भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती टक्के बाहेर गेलं, ते ईएफ.

उदाहरण घेऊ. कप्प्यात १२० मिलिलिटर रक्त भरलं आणि दाबल्यावर ४८ मिलिलिटर उरलं. म्हणजे ७२ मिलिलिटर बाहेर गेलं. ७२ भागिले १२०, म्हणजे ६० टक्के. मिनिटाला ७० ठोके धरले तर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पंप झालं. हे अगदी निरोगी हृदय आहे. कुठल्याच निरोगी माणसाचं ईएफ १०० टक्के नसतं, कारण कप्पा पूर्ण रिकामा होतच नाही.

साधारणपणे ५० च्या वरपासून ७० च्या थोडं पुढपर्यंतचा आकडा नॉर्मल धरतात. ४१ ते ४९ म्हणजे थोडं कमी आणि ४० किंवा त्याखाली म्हणजे पंप कमजोर झालाय.

आणखी एक लक्षात ठेवा. कप्प्याची कड कुठे आहे ते स्क्रीनवर ठरवून हा आकडा काढतात, किंवा अनुभवी डॉक्टर नजरेने अंदाज करतात. त्यामुळे मागच्या वर्षी ६० आणि यंदा ५५ आलं म्हणून लगेच "हृदय ५ टक्क्यांनी बिघडलं" असं होत नाही. एवढा फरक मोजण्यातलाही असू शकतो.

रिपोर्टमधले नेहमीचे शब्द

• नो आरडब्ल्यूएमए : हृदयाची भिंत सगळीकडे सारखी हलते आहे. हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर भिंतीचा तेवढा भाग कमी हलतो किंवा हलतच नाही.

• ट्रिव्हियल किंवा माइल्ड एमआर, टीआर : झडप बंद होताना थोडं रक्त मागे येतं. झडपा बाकी चांगल्या असतील तर किंचित गळती निरोगी माणसांतही सर्रास दिसते. मॉडरेट किंवा सिव्हिअर लिहिलं असेल तर डॉक्टरांना वेगळं विचारा.

• आरव्हीएसपी किंवा पीएएसपी : फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतल्या दाबाचा अंदाज. हा वरच्याच सूत्राने काढतात. टीआरचा वेग २.५ मीटर असेल तर ४ गुणिले ६.२५, म्हणजे २५. त्यात हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याचा थोडा दाब मिळवायचा.

• ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन : आकुंचन पावल्यावर हृदय सैल व्हायला जरा जास्त वेळ घेतंय. वय आणि जुनं बीपी असेल तर हे बऱ्याचदा दिसतं. बीपीकडे लक्ष द्या असा त्याचा इशारा असतो.

• एलव्हीएच : डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड झाली आहे. वर्षानुवर्षं बीपी चढं राहिल्याने हे होऊ शकतं.

• नो क्लॉट, नो पेरिकार्डियल इफ्युजन : आत रक्ताची गुठळी दिसली नाही आणि हृदयाभोवती पाणी साठलेलं नाही.

इको नॉर्मल, मग ब्लॉकेज नाही ना?

हा भाग घाईत वाचू नका.

घराचं उदाहरण घेऊ. हृदय म्हणजे एक घर समजा. त्यात भिंती आहेत, दारं आहेत, विजेचं वायरिंग आहे आणि भिंतींतून जाणारे पाण्याचे बारीक पाईप आहेत. भिंती म्हणजे स्नायू आणि दारं म्हणजे झडपा. ही दोन्ही इकोत दिसतात. वायरिंग तपासायला इसीजी असतो. पाण्याचे पाईप म्हणजे हृदयाच्या स्नायूलाच रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या. त्या काही मिलिमीटर रुंदीच्या आणि सतत हलणाऱ्या. साध्या इकोत त्यांचा सुरुवातीचा तुकडा कधी कधी दिसतो, पण ब्लॉकेज किती आहे हे त्यातून मोजता येत नाही.

मग इकोवरून ब्लॉकेजचा संशय तरी कधी येतो? रक्त न मिळाल्याने भिंतीचा एखादा भाग नीट हलत नसेल तेव्हा. पण तुम्ही तर टेबलावर शांत पडलेले असता. धमनी बरीच अरुंद झाली तरी आरामात असताना स्नायूला पुरेसं रक्त मिळत राहतं आणि भिंत छान हलते. रिपोर्टवर येतं "नो आरडब्ल्यूएमए, ईएफ ६० टक्के". तोच माणूस जिना चढताना छातीत जखडल्यासारखं झालं म्हणून थांबतो. शिवाय धमनीतला लहानसा थरही अचानक फुटून त्यावर गुठळी होऊ शकते आणि मग अटॅक येतो. आदल्या महिन्याचा नॉर्मल इको त्याला अडवू शकत नाही.

ब्लॉकेजचा संशय असेल तर डॉक्टर वेगळ्या तपासण्या सांगतात. ट्रेडमिल टेस्ट, हृदयाचा वेग वाढवून केलेला स्ट्रेस इको, सीटी अँजिओग्राफी किंवा नेहमीची अँजिओग्राफी. कोणती तपासणी कोणाला, हे डॉक्टर ठरवतील.

आणि तातडीची वेळ असेल तेव्हा? छातीत दाब किंवा जळजळ, घाम, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, दम लागणं, असं काही अचानक सुरू झालं तर इकोची अपॉइंटमेंट शोधत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट जवळचं इसीजीची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. तिथे आधी इसीजी काढतात. पहिला इसीजी ठीक आला तरी गरज वाटली तर पुन्हा काढतात आणि रक्ताची ट्रोपोनिन चाचणी करतात. "मागच्याच महिन्यात इको नॉर्मल आला होता, ॲसिडिटीच असेल" हे वाक्य कोणी बोललं, तर त्या वेळी त्यांचं ऐकू नका.

स्मार्टवॉच हे काम करतं का?

नाही. घड्याळामागचा हिरवा लाइट मनगटातल्या रक्ताच्या चढउतारावरून ठोके मोजतो. काही घड्याळांत इसीजी असतो, पण तो एकाच लीडचा. हॉस्पिटलमधल्या इसीजीत १२ लीड असतात. एका लीडवरून एट्रियल फिब्रिलेशनसारखी ठोक्यांची अनियमितता पकडता येते आणि ते खरंच उपयोगाचं आहे. पण झडप गळते का, भिंत जाड झाली का, ईएफ किती, हे घड्याळाला दिसत नाही. हार्ट अटॅक ओळखणं हेही त्याचं काम नाही. ॲपल वॉचच्या इसीजी ॲपमध्येच तशी सूचना असते.

मोबाईलला जोडायचा प्रोब आणि आपला कायदा

मोबाईल एकटा इको करू शकत नाही, पण मोबाईलला जोडायचा प्रोब करू शकतो. २०१० मध्ये जीई कंपनीचं खिशात मावणारं व्हीस्कॅन आलं. २०१५ मध्ये फिलिप्सचा लुमिफाय आला, जो अँड्रॉइड फोन-टॅबलेटला जोडता येतो. २०१७ मध्ये बटरफ्लाय आयक्यूला अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी मिळाली. त्यात स्फटिकांच्या जागी सिलिकॉन चिपवर सुमारे ९००० अतिसूक्ष्म पडदे थरथरतात. म्हणजे अल्ट्रासाउंडही आता चिपवर आलाय.

इथे आपल्याकडची एक गोष्ट माहीत हवी. असा प्रोब ऑनलाइन दिसला म्हणून घेऊन टाकू असं भारतात चालत नाही. ज्या यंत्राने गर्भाचं लिंग कळू शकतं असं कुठलंही यंत्र नोंदणी नसलेल्या व्यक्तीला किंवा केंद्राला विकणं पीसीपीएनडीटी कायद्याने गुन्हा आहे. "मला फक्त हृदय बघायचंय" हे कारण चालत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ चा. आपल्याकडे मुलींच्या गर्भांचं जे झालं, त्यामुळे हे नियम इतके कडक आहेत. सोनोग्राफी केंद्रात "येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही" असा बोर्ड दिसतो, तो याच कायद्यामुळे.

एआय पण यात उतरलंय. प्रोब डावीकडे सरकवा, थोडा फिरवा, असं स्क्रीनवर सांगणाऱ्या कॅप्शन हेल्थच्या सॉफ्टवेअरला २०२० मध्ये एफडीएची परवानगी मिळाली. इकोचा अनुभव नसलेल्या ८ नर्सेसनी ते वापरून २४० रुग्णांची तपासणी केली आणि कप्प्याचा आकार व पंपाची ताकद ठरवता येईल अशी चित्रं बहुतेक सगळ्या रुग्णांची मिळाली. जिथे हृदयरोगतज्ज्ञ नाहीत अशा तालुक्यांसाठी ही मोठी गोष्ट ठरू शकते. पण चित्र मिळवणं आणि त्यावरून निदान करणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्याला अजून डॉक्टर लागतातच.

काहीच त्रास नाही, मग पॅकेजमधला इको करून टाकू का?

याचं उत्तर दोन देशांतल्या अभ्यासांतून घेऊ.

नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात ६८६१ मध्यमवयीन लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाचा इको केला, दुसऱ्याचा नाही. १५ वर्षं लक्ष ठेवलं. मृत्यूंच्या प्रमाणात म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे त्रास नाही, शंका नाही, तरी सरसकट इको केल्याने आयुष्य वाढलं नाही.

आता युगांडा. तिथे रुमॅटिक हृदयरोग खूप आढळतो. लहानपणी घसा दुखतो, पुढे सांधे सुजून ताप येतो आणि काहींच्या हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. हा आजार भारतातही आहे. तिथे शाळकरी मुलांचे इको केले. ज्यांच्या झडपांत सुरुवातीचा दोष दिसला पण त्रास काहीच नव्हता, अशा ८१८ मुलांचे दोन गट केले. एका गटाला दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. दोन वर्षांनी इंजेक्शन न घेतलेल्यांपैकी सुमारे ८ टक्के मुलांचा आजार वाढला होता. इंजेक्शन घेतलेल्यांत हे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होतं. हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

यंत्र तेच, आवाज तोच. युगांडात इकोपुढे एक नेमका प्रश्न होता आणि उत्तर मिळाल्यावर करण्यासारखा उपाय हाताशी होता. म्हणून तिथे फायदा झाला. ट्रॉम्सोमध्ये तसा प्रश्नच नव्हता.

मग डॉक्टरांकडे जाऊन "इको लागेल का?" असं कधी विचारायचं?

• पूर्वी लागत नसलेला दम चालताना किंवा झोपल्यावर लागतोय, पाय सुजतायत.

• व्यायाम करताना किंवा खेळताना चक्कर येऊन पडलात. याकडे तरुणांनी अजिबात दुर्लक्ष करू नये.

• घरात कोणाचा कमी वयात अचानक मृत्यू झालाय किंवा हृदयाच्या स्नायूचा आनुवंशिक आजार आहे.

• डॉक्टरांना स्टेथोस्कोपने हृदयात वेगळा आवाज ऐकू आलाय.

• लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, किंवा बाळ दूध पिताना दमतं, घामाघूम होतं, निळसर पडतं.

• कॅन्सरच्या काही औषधांआधी आणि उपचार चालू असताना, किंवा हार्ट अटॅकनंतर.

यांपैकी काहीच नसेल तर तरुणपणी बीपी मोजणं, शुगर आणि कोलेस्टेरॉल तपासणं, तंबाखू-सिगारेट सोडणं याचा फायदा इकोच्या सुंदर रंगीत प्रिंटपेक्षा कितीतरी जास्त आहे.

तपासणीला जाताना

साध्या इकोला उपाशी राहावं लागत नाही. सुई नाही, एक्स-रे नाही, त्यामुळे गरोदर बाईचाही करता येतो आणि गरज पडेल तसा पुन्हाही करता येतो. साधारण अर्धा तास धरून चला. पुढून उघडणारा सदरा किंवा टॉप घाला. महिलांना सोबत महिला कर्मचारी हवी असेल तर तसं आधीच सांगावं. घशातून नळी घालून करतात तो इको वेगळा, त्याला काही तास उपाशी राहावं लागतं. जुना रिपोर्ट असेल तर नक्की न्या, कारण एकट्या आकड्यापेक्षा आधीच्या आकड्याशी केलेली तुलना जास्त सांगते.

रिपोर्ट हातात आला की ग्रुपवर टाकण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. एक, ज्या त्रासासाठी इको केला त्याचं उत्तर यात मिळालं का? दोन, नसेल मिळालं तर पुढची तपासणी कोणती? तीन, पुन्हा इको कधी करायचा, की करायचाच नाही? उत्तरं मोबाईलच्या नोट्समध्ये तारखेसकट लिहून ठेवा आणि रिपोर्टचे फोटोही तिथेच ठेवा. पुढच्या वेळी आई-बाबांना घेऊन दवाखान्यात जाल तेव्हा डॉक्टर हेच विचारतील.